मावशींच्या परकराची नाडी : अंडाशयाच्या कर्करोगाविषयी आयर्लंडहून चार शब्द



आपल्या अंकात लग्नं येतात, बार मित्झ्वा येतात, मलिद्याचे कार्यक्रम येतात, दिवंगतांच्या आठवणी येतात. आजार मात्र सहसा येत नाही. त्यातून तो बायकांचा आजार असेल तर मुळीच नाही. आपल्या आज्या त्याला नुसतं "बाईचं दुखणं" म्हणायच्या आणि पदर सावरून विषय बदलायच्या. आज आम्ही तो विषय काढणार आहोत. एका मावशींनी आम्हाला तसा हुकूमच केलाय. "माझं नाव छापू नका, पण गोष्ट छापा," असं त्या म्हणाल्या. म्हणून हा लेख.

या मावशी आमच्या रक्ताच्या नव्हेत. ठाण्याला आमच्या शेजारी राहायच्या. मुलगी नर्स होऊन डब्लिनला आली, तिच्यामागून मावशी आल्या. आम्हीही इथेच असल्यामुळे शब्बाथच्या निमित्ताने एकमेकांकडे जाणं-येणं सुरू राहिलं.

आयर्लंड आणि आपण

लोद, अश्दोद, बीरशेबा, डिमोना इथल्या आमच्या वाचकांना वाटेल, आयर्लंडचा आणि यहुद्यांचा काय संबंध? संबंध आहे. इस्रायलचे सहावे राष्ट्राध्यक्ष हाइम हर्झोग १९१८ साली बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनमध्ये वाढले. त्यांचे वडील इथले मुख्य रब्बी होते. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात आयरिश ज्युईश म्युझियम आहे, ते १९८५ साली त्यांच्याच हस्ते उघडलं. आज या देशात यहुदी मोजकेच, दोन हजारांच्या आसपास. त्यात मराठी बोलणारे आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आजच्या विषयाच्या जवळचा एक माणूसही इथे होऊन गेला. डॉ. बेथेल सॉलोमन्स. जन्म १८८५, डब्लिनचे यहुदी. तरुणपणी ते आयर्लंडच्या संघातून रग्बी खेळले आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. १९२६ ते १९३३ या काळात ते रोटंडा रुग्णालयाचे प्रमुख होते. रोटंडा म्हणजे १७४५ साली स्थापन झालेलं डब्लिनचं प्रसिद्ध बाळंतपणाचं रुग्णालय. १९४६ साली इथे प्रोग्रेसिव्ह मंडळी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच.

हे वाचून आपल्या ज्येष्ठ वाचकांना डॉ. जेरुशा झिराड आठवल्याशिवाय राहणार नाहीत. आपल्या बेने इस्रायल समाजातल्या, लंडनच्या एम.डी., मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ सालच्या पद्मश्री. कित्येक वाचकांचा जन्मच कामा हॉस्पिटलमधला असेल. बाळंतपणात बायका का मरतात, याचा मुंबईत शोध घेणाऱ्या त्या बाई होत्या. म्हणजे बाईच्या दुखण्याबद्दल उघड बोलणं ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. आपण ती मधल्या काळात विसरलो, इतकंच.

मावशींना काय झालं

गोष्ट २०२१ च्या हिवाळ्यातली. मावशी तेव्हा ६३ वर्षांच्या. घरात त्या अजूनही साडी नेसतात. त्यांच्या लक्षात आलं, परकराची नाडी पुरत नाही. रोज गाठ थोडी सैल मारावी लागते. वजन मात्र वाढलेलं नाही, उलट हात-तोंड उतरलेलं. "गॅस झालाय," म्हणून ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. शुक्रवारी रात्री मुलीने एवढी मेहनत करून केलेली कोंबडी तशीच ताटात राहायची. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागायचं. त्या म्हणायच्या, "वय झालं, दुसरं काय!"

एका डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं औषध दिलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. कुणाला दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही, कारण ही लक्षणं खरोखरच रोजच्या पोटदुखीसारखी असतात. तिसऱ्या खेपेला मुलगी स्वतः बरोबर गेली आणि एकच वाक्य बोलली, "डॉक्टर, आईच्या परकराची नाडी महिनाभरात चार बोटं कमी पडायला लागलीय." त्या डॉक्टरीण बाईंनी मावशींना लगेच आडवं झोपवून पोट तपासलं, रक्त घेतलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. पोटात पाणी झालं होतं. पाणी काढलं तेव्हा चार लिटरच्या वर निघालं. निदान झालं अंडाशयाच्या कर्करोगाचं, टप्पा तिसरा.

हा आजार नेमका काय आहे

आता थोडं शास्त्र, सोप्या शब्दांत. बाईच्या ओटीपोटात मध्ये गर्भाशय असतं, ज्याला आपण "पिशवी" म्हणतो. तिच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात, आणि अंडाशयापासून पिशवीपर्यंत बारीक नळ्या. पूर्वी समजत की हा कर्करोग अंडाशयातच सुरू होतो. आता कळलंय की त्याचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, तो बहुतेक वेळा नळीच्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर व पोटाच्या अस्तरावर पसरतो. पोटात मोकळी जागा भरपूर, त्यामुळे गाठ वाढली तरी दुखत नाही. म्हणून तो उशिरा कळतो.

२०२२ साली आयर्लंडची लोकसंख्या ५१ लाखांवर होती. इथे दर वर्षी सुमारे ४०० स्त्रियांना हा आजार असल्याचं निदान होतं. त्यातल्या बहुतेक जणी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात रुग्णालयात पोचतात. सगळा फरक इथेच पडतो. पहिल्या टप्प्यात, म्हणजे रोग अंडाशयापुरता असताना सापडला, तर दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पोटभर पसरल्यावर सापडला, तर हा आकडा दहापैकी तीनाच्या आसपास येतो. आकडे कडू आहेत, पण लपवून उपयोग नाही.

चार खुणा

इथल्या डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांच्या संस्था मिळून स्त्रियांच्या कर्करोगांसाठी एक जाळं चालवतात. त्यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून चार इंग्रजी अक्षरांचा "बीट" हा शब्द जुळवलाय. आम्ही तो मराठीत असा सांगतो:

पहिली खूण, पोट फुगणं. येऊन-जाऊन नव्हे, कायमचं. परकराची नाडी, पँटचा पट्टा, पंजाबी ड्रेसची कंबर घट्ट होणं.

दुसरी खूण, खाणं कमी होणं. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं.

तिसरी खूण, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं.

चौथी खूण, संडास-लघवीच्या सवयीत बदल. वारंवार लघवी, किंवा नव्यानेच सुरू झालेलं बद्धकोष्ठ.

यातलं काहीही नव्याने सुरू झालं आणि तीन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांकडे जावं आणि स्पष्ट विचारावं, "हे अंडाशयाचं तर नाही ना?" हा प्रश्न विचारायला लाजू नये. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच येतं, आणि तेही बरंच की!

दोन गैरसमज आपल्या बायकांत फार आहेत. एक असा की "माझी पिशवी काढलीय, मला काही होणार नाही." पिशवी काढताना पुष्कळदा अंडाशयं तशीच ठेवलेली असतात. आपल्या ऑपरेशनच्या कागदांत काय लिहिलंय ते बघा. दुसरा असा की "माझी स्मिअर तपासणी चांगली आली." स्मिअर ही गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. अंडाशयाचा रोग त्यात कळत नाही.

मग सगळ्यांचीच तपासणी का करत नाहीत?

हा प्रश्न मावशींनीही विचारला. स्तनाची तपासणी असते, तशी याची का नाही? याचं उत्तर शोधायला फार मोठा प्रयोग झाला. २००१ ते २००५ या काळात इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त स्त्रिया त्यात घेतल्या. काहींचं दर वर्षी रक्त तपासलं, काहींची दर वर्षी सोनोग्राफी केली, आणि उरलेल्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०२१ साली निकाल जाहीर झाला. रक्ततपासणीत काहींचा रोग लवकर सापडला खरा, पण त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून ज्यांना काही त्रास नाही आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही, त्यांनी दर वर्षी रक्त तपासत बसण्यात अर्थ नाही. पैसे जातात आणि घोर लागतो.

त्या रक्ततपासणीचं नाव सीए-१२५. त्रास असताना ती उपयोगी पडते. साधारण ३५ च्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढे सोनोग्राफी करतात. पण आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. फायब्रॉइडच्या गाठी, ओटीपोटातली सूज, पाळी, इतकंच काय, पोटाचा क्षयरोग यानेही तो वाढतो. आपल्यापैकी जे भारतात वाढले त्यांनी ही क्षयाची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण इथल्या डॉक्टरांना ती पटकन सुचेलच असं नाही. उलट, रोग अगदी सुरुवातीचा असेल तर हा आकडा साधाही येऊ शकतो. म्हणून आकडा, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि शेवटी गाठीचा तुकडा, हे सगळं मिळून निदान होतं.

उपचार

या रोगाचं ऑपरेशन कुठल्याही सर्जनने करण्याजोगं नसतं. त्यासाठी खास शिकलेले सर्जन लागतात. आयर्लंडमध्ये अशी केंद्रं ठराविक आहेत: डब्लिनचं मेटर, सेंट जेम्सेस, तसंच कॉर्क आणि गॉलवेची मोठी रुग्णालयं, ही त्यातली काही. तिथे सर्जन, केमोचे डॉक्टर, क्ष-किरणवाले, पॅथॉलॉजीवाले सगळे एकत्र बसून एकेका रुग्णाचे कागद बघतात आणि मगच काय करायचं ते ठरतं.

ऑपरेशनमध्ये पिशवी, दोन्ही अंडाशयं, नळ्या आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढतात. डोळ्याला दिसेल असा रोगाचा कणही मागे राहू नये, हा हेतू. जितकं कमी मागे राहील, तितकं पुढचं आयुष्य जास्त. रोग फार पसरलेला असेल किंवा अंगात ताकद नसेल, तर आधी केमो देऊन तो आक्रसवतात. मावशींचं तसंच केलं. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. दर तीन आठवड्यांनी एक. करोनाचे दिवस होते, मुलीला वॉर्डात बसू देत नव्हते. मावशी फोन कानाला लावून पडून राहायच्या आणि पलीकडून मुलगी "शेमा" म्हणायची.

केस गेले. मावशींनी आरशात बघून म्हटलं, "आता मी खरी धार्मिक दिसते, रुमाल बांधायला निमित्त मिळालं." बोटांना मुंग्या यायच्या, सुईत दोरा ओवता येईना. ते अजूनही पुरतं गेलेलं नाही. तोंडाची चव गेली होती. फक्त मऊ भात आणि लिंबाचं लोणचं तेवढं जायचं.

बाळगोपाळांनो, हे तुमच्यासाठी

केमोची दोन औषधं असतात. त्यांच्या गोष्टी फार गमतीच्या आहेत.

पहिलं औषध प्लॅटिनमचं. हो, अंगठीतल्या प्लॅटिनमचंच! १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा परिणाम बघत होते. जंतूंची वाढ होत होती पण त्यांचे दोन तुकडे होईनात, ते शेवयांसारखे लांबच लांब झाले. विजेने हे केलं की काय? नाही! विजेच्या पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या, त्यातून सुटलेल्या द्रव्याने हे केलं होतं. पेशींना दुभंगू देत नाही ते द्रव्य कर्करोगावर चालेल, असं त्यांना सुचलं. त्यातून सिसप्लॅटिन निघालं. पुढे लंडनमध्ये त्याचं जरा सौम्य भावंड तयार केलं, ते कार्बोप्लॅटिन. मावशींना तेच दिलं.

दुसरं औषध झाडाचं. त्या झाडाला इंग्रजीत यू म्हणतात. अमेरिकेतल्या यूच्या सालीतून ते औषध दोन शास्त्रज्ञांनी शोधलं आणि १९७१ साली त्याची रचना जगाला सांगितली. एकाचं नाव मन्रो वॉल आणि दुसऱ्याचं मनसुख वाणी. हे वाणी कुठले माहीत आहे? आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारला जन्मलेले! मुंबई विद्यापीठात शिकले आणि मग अमेरिकेला गेले. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं की हे औषध पेशीच्या आतला सांगाडा असा घट्ट धरून ठेवतं की तिला दोन होताच येत नाही. १९९२ साली अमेरिकेत हे औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. त्याचं नाव पॅक्लिटॅक्सेल.

यूची झाडं आयर्लंडमध्ये जुन्या चर्चच्या आवारात, कबरस्तानात जिकडेतिकडे दिसतात. इथल्या मेयो परगण्याच्या नावाचा अर्थच "यूंचं मैदान". आम्ही मावशींना एकदा असं झाड दाखवायला नेलं. त्या त्याच्या खोडाला हात लावून म्हणाल्या, "तुझंच पाणी पितेय होय मी!" पण मुलांनो, एक लक्षात ठेवा. यूची पानं आणि बिया विषारी असतात. हात लावा, तोंडात घालू नका. औषध होतं ते शास्त्रज्ञांनी नीट मोजून-मापून केल्यावर.

आता खरा मुद्दा

मावशींची केमो चालू असतानाच डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला हा आजार होता का?" मावशी म्हणाल्या, "नाही." मुलीनेही तेच सांगितलं. मग एका रात्री मावशींना झोप लागेना. त्यांची आई १९६१ साली मुंबईत वारली होती. वय जेमतेम ४८. घरात सांगत, "पोटात पाणी झालं होतं." जलोदर म्हणत. मावशी तेव्हा अगदी लहान. आईचं मोठं झालेलं पोट बघून त्यांना वाटलं होतं, आपल्याला भाऊ होणार!

सकाळी त्यांनी मुलीला हे सांगितलं, मुलीने डॉक्टरांना. मग रक्ताची तपासणी झाली, जनुकांची.

जनुकं म्हणजे आई-वडिलांकडून मिळालेलं पुस्तक असं समजा. त्यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ नावाची दोन पानं आहेत. पेशीत काही बिघडलं तर ते दुरुस्त कसं करायचं, ते त्या पानांवर लिहिलेलं असतं. पानावर छपाईची चूक असेल तर दुरुस्ती नीट होत नाही. सर्वसाधारण शंभर बायकांत एक-दोघींना आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होतो. बीआरसीए-१ मध्ये चूक असेल तर शंभरात चाळीसेक जणींना, बीआरसीए-२ मध्ये असेल तर सतराएक जणींना. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. ही चूक आईकडून येते तशी बापाकडूनही येते, आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी.

यहुद्यांमध्ये हा विषय महत्त्वाचा आहे. युरोपातून आलेल्या अश्केनाझी लोकांत दर चाळिसांत एकाकडे अशी चूक असते. त्यांच्यात तीन ठराविक चुका आढळतात, म्हणून त्या तीनच जागा बघणारी एक छोटी तपासणी आहे. त्यातली एक चूक इराकी यहुद्यांतही सापडते. पण आपण बेने इस्रायल! आपण कोकणातून आलो. ती तीन जागांची यादी आपल्याला समोर ठेवून केलेली नाही. डॉक्टर फॉर्मवर "ज्युईश" वाचतात आणि अश्केनाझी धरून चालतात. तुम्ही तोंड उघडून सांगा, "आम्ही भारतातले यहुदी, माझी दोन्ही पानं पूर्ण वाचा."

हे आम्ही उगाच सांगत नाही. मावशींची पूर्ण तपासणी झाली, बीआरसीए-१ मध्ये चूक निघाली. ती त्या तीनपैकी नव्हती. आणि मावशींची एक भाची दुसऱ्या देशात असते. तिने काही वर्षांपूर्वी आपण होऊन तपासणी करून घेतली होती आणि "काही नाही" असं उत्तर आलं म्हणून ती निर्धास्त होती. तिची तपासणी त्या तीन जागांचीच होती!

आता मावशींपुढे प्रश्न उभा राहिला. सांगायचं की नाही? भाचीला सांगायचं म्हणजे भावाला सांगायचं, भावाच्या मुलांना सांगायचं. घरात दोन मुली लग्नाच्या. "लोक काय म्हणतील, घराण्यात रोग आहे म्हणतील, स्थळं येणार नाहीत," असं भाऊच फोनवर म्हणाला. भाऊ-बहिणीत आठ दिवस बोलणं बंद होतं. मावशींचं केमोनंतरचं अंग, त्यात हा ताप. शेवटी त्यांनी आपणहून फोन लावला आणि म्हणाल्या, "आपली आई गेली तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मला माहीत आहे. मी गप्प बसले तर देव मला विचारेल."

भावाने स्वतःची तपासणी करून घेतली. चूक त्याच्यातही निघाली. भाचीने पुन्हा केली, या खेपेला नेमकी ती जागा बघून. तिच्यातही निघाली. भाची तेव्हा ४१ वर्षांची, दोन मुलांची आई. तिने विचारपूर्वक नळ्या आणि अंडाशयं काढून घेतली. बीआरसीए-१ असेल तर डॉक्टर साधारण ३५ ते ४० वयाच्या दरम्यान, मुलंबाळं झाल्यावर, हे करायला सुचवतात, आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ च्या दरम्यान. त्याने धोका पुष्कळच कमी होतो. पाळी मात्र एकदम जाते, अंगाची आग होते, हाडं जपावी लागतात. म्हणून निर्णय घाईचा नसावा, समुपदेशकाशी बोलून घ्यावा. लग्नाच्या मुलींपैकी एकीत चूक नाही. दुसरीने अजून बघायचं नाही असं ठरवलंय. तोही तिचा हक्क. आणि हो, पहिलीचं लग्न झालं, छान झालं. मेंदीच्या रात्री मावशी व्हिडिओवरून हजर होत्या.

आता मावशी कशा आहेत

जनुकातल्या या चुकीचा एक उपयोगही होतो. ज्यांच्यात ती असते त्यांना केमोनंतर ओलापॅरिब नावाच्या गोळ्या देता येतात. कर्करोगाच्या पेशीची एक दुरुस्तीची वाट आधीच बंद असते, गोळी दुसरीही बंद करते, मग ती पेशी मरते. २०१८ साली एका मोठ्या प्रयोगाचे पहिले निकाल आले. पुढे सात वर्षांनी पाहिलं तेव्हा या गोळ्या घेतलेल्या शंभरांपैकी ६७ जणी हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी सुमारे ४७. मावशींनी त्या दोन वर्षं घेतल्या, २०२४ पर्यंत.

२०२५ साली रोग परत आला. पोटात एक लहान गाठ. पुन्हा केमो झाली, गाठ आक्रसली. आम्ही मागच्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्याशी उभं राहून बिरडं सोलत होत्या. आम्ही म्हटलं, "मावशी, बऱ्या झालात!" तर म्हणाल्या, "बरी झाले म्हणू नका. बरी आहे म्हणा. आज बरी आहे."

मुलीने पहिल्या केमोच्या वेळी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला होता. तो त्यांनी डब्लिनच्या स्वयंपाकघरात केला. भिजवलेले पोहे, भारतीय दुकानातला नारळ, साखर, फळं. आम्ही पाच-सहा जणच होतो. बाहेर पाऊस होता, आत खोबऱ्याचा वास.

व्यवहाराच्या चार गोष्टी

आयर्लंडमध्ये असाल तर: ७० च्या वर वय असलेल्यांना फॅमिली डॉक्टरांकडे विनामूल्य जाण्याचं कार्ड मिळतं. सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाल्यावर रोजचे जे पैसे भरावे लागत, ते एप्रिल २०२३ पासून बंद झालेत. आयरिश कॅन्सर सोसायटीच्या नर्सेसशी १८०० २०० ७०० या क्रमांकावर फुकट बोलता येतं. केमोला नेणारे स्वयंसेवक गाडीवालेही त्या संस्थेकडे आहेत. इंग्रजी नीट येत नसेल तर रुग्णालयात दुभाषी मागा. सून-मुलीसमोर सगळं बोलता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

आणि जिथे कुठे असाल तिथे: मुलांनो, या शब्बाथला आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. एक झाड काढा. आईकडची माणसं एका फांदीवर, वडिलांकडची दुसऱ्या फांदीवर. प्रत्येक नावापुढे लिहा, केव्हा जन्मले, केव्हा गेले, कशाने गेले. "पोटात पाणी," "बाईचं दुखणं," "छातीत गाठ," आजी जे सांगेल ते तसंच लिहा. ते कागद जपून ठेवा. आणि आजी-आजोबांनो, तुम्हीही लाजू नका. आपण पोरांना गावाचं आडनाव दिलं, प्रार्थना दिल्या, पुरणपोळी दिली. ही माहितीही त्यांचा वारसाच आहे.

एलियाहू हन्नाबी सर्वांच्या घरी आरोग्य आणो. आमेन.